थायलंडची राजभक्ती पाहायला जाताना: तारखा, रंग, कायदा आणि टाळायच्या गोष्टी

सुखुम्वितकर (धागाकर्ता)

बँकॉक-पट्टायाच्या धाग्यांवर मसाज, सफारी वर्ल्ड आणि जैन जेवण यांवर शंभर-शंभर प्रतिसाद पडतात. पण विमानतळावरून शहरात येताना पहिल्या अर्ध्या तासात दहा-पंधरा वेळा दिसतं ते राजाचं चित्र, आणि त्याबद्दल कोणी काही विचारत नाही. मग कोणीतरी थिएटरात बसून राहतं, कोणीतरी पळणारी नोट पायाने दाबतं, कोणीतरी राजावरचा विनोद ग्रुपवर टाकतं. म्हणून हा स्वतंत्र धागा. मुख्य गोष्टी लिहितो, बाकीच्यांनी भर घालावी.

आधी कोण कोण ते. आताचा राजा वजिरालोंगकोर्ण, म्हणजे दहावा राम (चक्री घराण्यातल्या राजांना पहिला राम, दुसरा राम असं क्रमाने मोजतात). जन्म २८ जुलै १९५२, राज्याभिषेक ४ मे २०१९. त्याचे वडील भूमिबोल अदुल्यदेज, नववा राम, ९ जून १९४६ पासून १३ ऑक्टोबर २०१६ पर्यंत, सत्तर वर्षं गादीवर होते. घराघरांत जुना फोटो दिसतो तो बहुतेक वेळा भूमिबोल यांचा: गळ्यात कॅमेरा, हातात नकाशा, नाकावर घामाचा थेंब. तिसरा चेहरा मिशीवाला, पाचवा राम चुलालोंगकोर्ण, राज्यकाळ १८६८ ते १९१०. हे तीन चेहरे ओळखता आले की निम्मं काम झालं.

रंग. थाई लोकांत प्रत्येक वाराला रंग आहे: सोमवार पिवळा, मंगळवार गुलाबी, बुधवार हिरवा, गुरुवार नारिंगी, शुक्रवार फिकट निळा, शनिवार जांभळा, रविवार लाल. ज्याचा जन्म ज्या वारी, तो त्याचा रंग. भूमिबोल आणि वजिरालोंगकोर्ण दोघेही सोमवारचे, म्हणून पिवळा. भूमिबोल यांची पत्नी सिरिकित राणी शुक्रवारची, म्हणून निळा. आताची राणी सुथिदा शनिवारची, म्हणून जांभळा. रस्त्यावरच्या झेंड्याचा रंग पाहिला की कोणाचा दिवस आहे ते कळतं.

तारखा. ६ एप्रिल चक्री घराण्याचा दिवस, ४ मे राज्याभिषेक, ३ जून राणीचा वाढदिवस, २८ जुलै राजाचा, १२ ऑगस्ट सिरिकित यांची जयंती (तोच मातृदिन), १३ ऑक्टोबर भूमिबोल यांची पुण्यतिथी, २३ ऑक्टोबर चुलालोंगकोर्ण यांची, ५ डिसेंबर भूमिबोल यांची जयंती (तोच पितृदिन आणि राष्ट्रीय दिन). सगळ्या सुट्ट्या. बँका आणि सरकारी कचेऱ्या बंद, मॉल मात्र चालू.

राष्ट्रगीत रोज दोनदा: सकाळी ८ आणि संध्याकाळी ६. लुंफिनी बागेत, चतुचक बाजारात, रेल्वे आणि स्कायट्रेनच्या स्थानकांत कर्ण्यावर लागतं. चालणारा थांबतो, जॉगिंग करणारा थांबतो, भाजी निवडणारा हातातली जुडी धरून उभा राहतो. एक-सव्वा मिनिटाचा मामला. हात शरीराला लावून सरळ उभं राहा. सरकत्या जिन्यावर असाल तर नुसतं स्थिर राहा, मध्येच उलटं चढू नका.

---

रानवारा

उत्तम धागा. म्हणजे हे नवरात्रातल्या रंगांसारखंच की! आजचा रंग पिवळा, सगळ्यांनी पिवळं.

सुखुम्वितकर

वरवर तसं दिसतं, पण नवरात्रात रंग दिवसाचा असतो, इथे माणसाच्या जन्मवाराचा. त्यामुळे २८ जुलै कोणत्याही वारी आला तरी कपडे पिवळेच. सरकारी कर्मचारी तर जुलैभर पिवळे शर्ट घालतात.

शर्ट घ्यायचाच असेल तर साधा, चिन्ह नसलेला घ्या. प्रातुनाम किंवा बोबे बाजारात मिळतो. खिशावर राजमुद्रा भरलेला शर्ट टाळा, कारण मग तो घालून बारमध्ये बसता येत नाही, समुद्रात उतरता येत नाही आणि जुना झाला की पायपुसणंही करता येत नाही.

तर्ककठोर

पिवळ्याला राजकीय वासही आहे, हे लिहायला हवं. २००६ पासून, तेव्हाचे पंतप्रधान थाक्सिन यांच्या विरोधातल्या आंदोलकांनी पिवळा उचलला आणि समोरच्यांनी, म्हणजे थाक्सिनसमर्थकांनी, लाल. त्या काळात पिवळा शर्ट म्हणजे पक्षाचा बिल्ला झाला होता. त्यामुळे मधल्या वर्षांत अनेकांनी राजावर प्रेम असूनही पिवळा कपाटात ठेवला. २००७ मध्ये भूमिबोल गुलाबी कोट घालून इस्पितळातून बाहेर आले, तर काही दिवसांत बाजार गुलाबी शर्टांनी भरला. आता पर्यटकाने पिवळा किंवा लाल घातला म्हणून कोणी हटकत नाही.

---

मधुमालती

थिएटरचं नीट सांगा ना कोणीतरी. तिथे कोणतं गीत लागतं? तेच सकाळी आठवालं?

बाराखडी

नाही ताई, दोन वेगळी गीतं आहेत आणि आपल्याकडचे लोक हमखास गल्लत करतात. सकाळ-संध्याकाळचं ते राष्ट्रगीत. त्याची चाल १९३२ च्या क्रांतीनंतरची, आताचे शब्द १९३९ चे, त्यात राजाचं नाव नाही. थिएटरात लागतं ते राजगीत, 'सान्सोएन फ्रा बारामी'. पडद्यावर राजाची चित्रफीत येते, आधी उभं राहण्याची सूचना दिसते, साधारण मिनिटभर चालतं.

हे गीत जाहिराती आणि ट्रेलर संपल्यावर, सिनेमाच्या अगदी तोंडावर लागतं. तिकिटावरच्या वेळेनंतर वीस-पंचवीस मिनिटं जाहिराती चालतात. तोवर मांडीवर पॉपकॉर्नची बादली, कोकचा ग्लास, बूट काढलेले, आणि एकदम उठायची वेळ येते. ग्लास आधीच खाचेत ठेवा, बूट पायांत ठेवा. मराठी माणसाला उभं राहणं नवं नाही, महाराष्ट्रात थिएटरात २००३ पासून राष्ट्रगीत लागतंच.

तर्ककठोर

पुरवणी: राजेशाहीत सुधारणा मागणाऱ्या २०२० च्या विद्यार्थी आंदोलनानंतर बँकॉकच्या मॉलमधल्या थिएटरांत कितीतरी स्थानिक लोक, विशेषतः तरुण, बसून राहतात. शेजारचा बसलाय म्हणून तुम्ही बसू नका. त्याचं बसणं म्हणजे त्याची भूमिका असते आणि त्याची किंमत त्याला ठाऊक असते. तुम्ही पाहुणे.

---

सहलगडी

आता मुख्य प्रश्न. कलम ११२ पर्यटकाला कितपत लागू? टूरवाले म्हणतात 'राजाविषयी बोलू नका' आणि गप्प होतात.

बाराखडी

पूर्ण लागू. दंडसंहितेचं कलम ११२: राजा, राणी, युवराज आणि राजप्रतिनिधी यांची बदनामी, अपमान किंवा त्यांना धमकी. शिक्षा प्रत्येक गुन्ह्याला ३ ते १५ वर्षं. 'प्रत्येक' हा शब्द महत्त्वाचा, कारण दहा पोस्ट म्हणजे दहा गुन्हे आणि शिक्षा एकापुढे एक. २०२१ मध्ये एका निवृत्त सरकारी नोकर बाईला ध्वनिफिती शेअर केल्याबद्दल ८७ वर्षं सुनावली, कबुली दिली म्हणून निम्मी करून ४३ वर्षांहून थोडी जास्त. २०२४ मध्ये एकाची शिक्षा फेसबुक पोस्टांवरून ५० वर्षांवर गेली. २००७ मध्ये दारूच्या नशेत राजाच्या चित्रांवर रंग फवारणाऱ्या स्विस माणसाला १० वर्षं झाली. महिन्याभरात राजाने माफी दिली आणि त्याला देशाबाहेर पाठवलं.

आपल्याला न सुचणाऱ्या दोन गोष्टी. एक, तक्रार कोणीही करू शकतो, राजवाड्याने करायची गरज नाही. तुमच्या पोस्टखाली भांडणारा अनोळखी माणूसही पोलिसांत जाऊ शकतो आणि पोलिसांना ती दाखल न करण्याची हिंमत सहसा होत नाही. दोन, शब्दशः कलमात नसलेल्या गोष्टीही त्यात ओढल्या जातात. २०१५ मध्ये भूमिबोल यांच्या कुत्रीबद्दल उपरोधाने लिहिणाऱ्यावर गुन्हा नोंदला गेला. १५९३ च्या हत्तीयुद्धात नरेसुआन राजाने खरंच तसा पराक्रम केला का, अशी शंका जाहीरपणे घेणाऱ्या सुलक शिवरक्ष या ज्येष्ठ विचारवंतावर खटला आला आणि २०१८ च्या जानेवारीत तो सोडून दिला गेला.

सहलगडी

बापरे. मग फोनमध्ये जुने मीम असले तर?

बाराखडी

विमानतळावर कोणी फोन उघडून पाहत नाही, उगाच घाबरू नका. धोका प्रसिद्ध करण्यात आहे: स्टेटस, रील, रिव्ह्यू, सार्वजनिक ग्रुप. संगणक गुन्ह्यांचा कायदा वेगळा लागतो. थायलंडमध्ये असताना यातलं काही लाइक-शेअर करू नका, एवढं पाळलं तरी पुरे.

आणि हात जोडून विनंती: गाइडला बसमध्ये, माइक चालू असताना, 'नवा राजा जुन्यासारखा लोकप्रिय आहे का हो?' असं विचारू नका. तुम्ही चार दिवसांनी परत जाता, त्या माणसाला तिथेच लायसन्सवर जगायचं असतं. तो हसेल आणि विषय बदलेल. ते हसू म्हणजे उत्तर नव्हे.

रानवारा

नोटांचं काय? पायाने दाबू नये म्हणतात.

बाराखडी

बरोबर. सगळ्या नोटांवर राजाचं चित्र. वाऱ्याने उडालेल्या नोटेवर किंवा घरंगळणाऱ्या नाण्यावर पाय ठेवून थांबवणं हा आपला सहज हात-पाय चालतो तसा प्रकार. तिथे वाकून हातानेच उचला. त्यासाठी तुरुंगात कोणी टाकत नाही, पण दुकानदाराचा चेहरा पडतो. तसंच राजाचं चित्र असलेला पेपर अंथरून त्यावर बसू नका. देव्हाऱ्याकडे पाय करू नये हे आपल्याला शिकवावं लागत नाही, तीच काळजी इथे चित्राबाबत घ्यायची.

---

मधुमालती

बँकेच्या दारात, शाळेच्या फाटकाशी सोनेरी चौकटीतली मोठी चित्रं असतात, त्यापुढे टेबल मांडलेलं असतं. तिथे फोटो काढावा का?

सुखुम्वितकर

खुशाल काढा. रचना बघण्यासारखी असते. मध्ये सोनेरी नक्षीची चौकट, दोन्ही बाजूंना पिवळ्या-पांढऱ्या कापडाच्या चुण्या पाडून केलेली झालर, समोर टेबलावर उंच पायाच्या तबकांत कमळकळीच्या आकाराची दोन शोभेची पूजाद्रव्यं, एक सोनेरी, एक रुपेरी. राणीचा दिवस असेल तर झालर जांभळी-पांढरी. दुखवट्यात तीच काळी-पांढरी आणि चित्रही कृष्णधवल.

फोटो काढताना टेबलाला टेकू नका, चौकटीपेक्षा उंच चढून उभे राहू नका, चित्राला पाठ लावून वेडेवाकडे चेहरे करू नका. उन्हाळ्यात त्या टेबलाच्या सावलीत झोपलेलं कुत्रं मात्र कोणी हाकलत नाही.

---

सहलगडी

प्रत्यक्ष समारंभ पाहायचा असेल तर? २८ जुलैला बँकॉकमध्ये असणार आहे.

सुखुम्वितकर

सनाम लुआंग, म्हणजे राजवाड्यासमोरचं लांबट मोठं मैदान. सकाळी भिक्खूंना भिक्षादान, संध्याकाळी मेणबत्त्या. मेट्रोच्या निळ्या मार्गाने सनाम चाइ स्थानकावर उतरा, पुढे राजवाड्याच्या भिंतीकडेने वीस-पंचवीस मिनिटं चालायचं. किंवा बोटीने था चांग धक्का. टॅक्सीचा हट्ट नको, कारण रात्चदामनोएन आणि राजवाड्याभोवतीचे रस्ते बंद करतात आणि चालक तुम्हाला किलोमीटरभर आधी उतरवून देतो.

तपासणी नाक्यावर बॅग उघडतात, मेटल डिटेक्टरमधून जावं लागतं, ओळखपत्र मागतात. पासपोर्ट मूळ ठेवा, मोबाइलमधला फोटो दाखवून प्रत्येक ठिकाणी चालत नाही. चाकू, मोठी काठी, ड्रोन अजिबात नको.

राजाचा ताफा जाणार असेल आणि तुम्ही रस्त्याकडेला बसलात, तर हे लक्षात घ्या:

तीन-चार तास आधी जागा धरावी लागते. पुढच्या रांगा शाळा, कचेऱ्या आणि स्वयंसेवकांच्या गटांना आधीच दिलेल्या असतात, आपण मागच्या खुल्या भागात. एकदा तो भाग बंद केला की बाहेर पडलेल्याला परत आत सोडत नाहीत, तेव्हा स्वच्छतागृहाचं काम आधी उरका. फिरती स्वच्छतागृहं असतात, पण ती नाक्याच्या बाहेर.

बसायला प्लॅस्टिकची घडीची चटई न्या, डांबर तापलेलं असतं. पाणी आणि खाऊ बहुतेक वेळा फुकट वाटतात. निळी टोपी आणि गळ्यात पिवळा रुमाल असलेले स्वयंसेवक दिसतील, ते 'चित आसा'. चक्कर आल्यासारखी वाटली तर ते हुंगायची छोटी नळी देतात, तिला 'या दोम' म्हणतात, कापूर-पुदिन्याचा वास असतो. उन्हात चार तास बसल्यावर तिची किंमत कळते.

ताफा येताना शिट्ट्या वाजतात. छत्री मिटा, टोपी आणि गॉगल काढा. मांडी घालून बसलेलं चालतं, पण गाड्या दिसल्या की पाय मागे दुमडून एका बाजूला घ्या. पाऊल रस्त्याकडे रोखलेलं नको. उठून उभं राहायचं नाही, राजापेक्षा उंच होऊ नये हा त्यामागचा संकेत. त्याच कारणाने पादचारी पूल रिकामे करतात आणि वाटेवरच्या इमारतींत वरच्या मजल्यावरून वाकून पाहू देत नाहीत. लोक 'सोंग फ्रा चरोएन' असा जयघोष करतात. तुम्ही नाही केला तरी चालेल. आणि ताफा वीस-तीस सेकंदांत निघून जातो, मोबाइलमधून पाहाल तर काहीच हाती लागणार नाही.

रानवारा

आणि संकेत चुकला तर?

सुखुम्वितकर

पोलीस खुणेने खाली बसायला सांगतात, बस. परदेशी माणसाकडून अज्ञान अपेक्षित असतं, मस्करी नव्हे.

अवांतर: 'आज राजाचा कार्यक्रम, राजवाडा बंद आहे, चला तुम्हाला दुसरं देऊळ दाखवतो, फक्त २० बाट' असं सांगणारा टुकटुकवाला किंवा नीटनेटका गृहस्थ भेटला तर सरळ पुढे चालत राहा. शेवट जवाहिऱ्याच्या किंवा शिंप्याच्या दुकानात होतो. भक्तीचा आदर करायचा म्हणून लोक यावर लगेच विश्वास ठेवतात, तीच त्याची युक्ती. राजवाडा खरंच समारंभासाठी कधीकधी बंद असतो, पण ते फाटकावरच्या फलकावर लिहिलेलं असतं. फाटकापर्यंत जाऊनच बघा. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, नाहीतर खुल्या फाटकातूनही परत पाठवतात.

---

तर्ककठोर

आता एक कडू प्रश्न टाकतो. तीन ते पंधरा वर्षांचा धाक असताना दिसणाऱ्या भक्तीला भक्ती म्हणायचं का? १९३२ मध्ये याच देशाने अनियंत्रित राजेशाही संपवली. राष्ट्रीय दिन तेव्हा २४ जून, क्रांतीचा दिवस होता. १९६० मध्ये सरित थनरत यांच्या लष्करी राजवटीने तो ५ डिसेंबर, राजाचा वाढदिवस केला. राजघराण्याच्या बातम्या रोज रात्री ८ वाजता सगळ्या वाहिन्यांवर दाखवतात. शाळा, थिएटर, नोटा, चौक. एवढी यंत्रणा साठ वर्षं चालवली तर कोणीही देव होईल.

मालवणी_पेंडसे

यंत्रणा आहे, शंभर टक्के मान्य. पण यंत्रणेने सगळं उलगडत नाही. भूमिबोल यांनी पन्नास ते ऐंशीच्या दशकांत खेडी पायाखाली घातली. उत्तरेच्या डोंगरांत अफूऐवजी फळं-भाज्या लावण्याचा प्रकल्प १९६९ मध्ये सुरू झाला, तो आजही चालू आहे. मे १९९२ मध्ये रस्त्यावर गोळीबार चालू असताना पंतप्रधान सुचिंदा आणि आंदोलनाचे नेते चामलोंग दोघांना बोलावून समोर बसवलं, ते चित्र साऱ्या देशाने टीव्हीवर पाहिलं आणि गोळीबार थांबला. त्या पिढीची भक्ती अनुभवातून आलेली आहे. तीच भक्ती मुलाच्या वाट्याला आपोआप आली नाही, हे २०२० मध्ये सगळ्यांनी पाहिलंच.

धाकाची भक्ती आणि मनाची भक्ती डोळ्यांनी वेगळी करायची असेल तर २३ ऑक्टोबरला, किंवा कुठल्याही मंगळवारी संध्याकाळनंतर, रॉयल प्लाझावर जा. अनंत समाखोम सभागृहासमोर चुलालोंगकोर्ण यांचा घोड्यावरचा पुतळा आहे, १९०८ चा, त्यांच्या हयातीतच बसवलेला. २३ ऑक्टोबरला सकाळी सरकारी खाती पुष्पचक्रं वाहतात: पांढरे गणवेश, फिती, रांगा, नावाच्या पाट्या. ती सगळी कचेरी.

मंगळवारी येतात ते दुकानदार, रिक्षावाले, शेअरबाजारवाले, परीक्षेला बसणारी पोरं. मंगळवार का, तर राजाचा जन्म २० सप्टेंबर १८५३, मंगळवार. मंगळवारचा रंग गुलाबी, म्हणून गुलाबी गुलाब. शिवाय ब्रँडी किंवा व्हिस्की आणि सिगार, कारण राजा युरोप फिरलेला, त्याला तेच आवडायचं अशी समजूत. उदबत्ती, मेणबत्ती, शहाळं. हे सरळ सरळ नवस आहेत: कर्ज फिटू दे, बढती मिळू दे. शंभरावर वर्षांपूर्वी गेलेल्या राजाकडे बढती मागायला कोणी कलम ११२ मुळे येत नाही. ही लाट खरं तर १९९० च्या आसपास, शहरी मध्यमवर्ग पैसा कमवू लागला तेव्हा उसळली.

बाराखडी

मालवणीकाका, याच राजाबाबतची एक गंमत. १८७३ मध्ये, दुसऱ्या राज्याभिषेकाच्या वेळी, चुलालोंगकोर्ण यांनी दरबारातलं जमिनीवर लोटांगण घालणं फर्मान काढून बंद केलं. आणि त्यांच्याच नावाच्या विद्यापीठात नवे विद्यार्थी त्यांच्या पुतळ्यापुढे जमिनीला डोकं टेकवून शपथ घेतात. २०१७ मध्ये विद्यार्थी परिषदेच्या काही जणांनी तसं न करता उभं राहून मान लववली आणि तिथून निघाले, त्यावरून मोठा गदारोळ झाला.

लोटांगणातही फरक असतो, बघणाऱ्याने टिपावा. बुद्धाला तीन वेळा आणि तळवे जमिनीवर पसरून. राजाला एकदाच आणि हात जोडलेले ठेवून. पर्यटकाने यातलं काहीच करायची गरज नाही, उभं राहून हात जोडले की झालं.

रानवारा

अवांतर, पण आपल्याशी संबंध: हाच चुलालोंगकोर्ण १८७२ च्या सुरुवातीला हिंदुस्थानच्या दौऱ्यात कलकत्ता, दिल्ली, आग्रा करत आगगाडीने मुंबईला आला होता. वय तेव्हा अठरा. परतल्यावर दोन वर्षांच्या आत लोटांगणबंदीचं फर्मान निघालं.

तर्ककठोर

पुतळ्याचा मुद्दा पटला. मेलेल्या राजावरची भक्ती मोकळी असते, जिवंतावरची तपासून घ्यावी लागते, असं म्हणू का?

मालवणी_पेंडसे

म्हणा, पण मेलेल्यावरही कायदा आहेच. २०१३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने चौथ्या रामाबद्दलचं बोलणंही ११२ खाली धरलंय.

---

मधुमालती

दुखवट्याच्या काळात गेलं तर काय करायचं? २०१६ ला म्हणे सगळा देश काळा झाला होता.

सुखुम्वितकर

१३ ऑक्टोबर २०१६ ला दुपारी सिरिराज इस्पितळात भूमिबोल यांचं निधन झालं. सरकारी नोकरांना वर्षभर दुखवटा, जनतेला तीस दिवस करमणूक आवरती घेण्याची विनंती. फुल मून पार्टी रद्द. राजवाड्यातल्या दुसित महाप्रासाद सभागृहात शवपेटी ठेवली आणि २९ ऑक्टोबरपासून पुढच्या वर्षी ५ ऑक्टोबरपर्यंत १.२ कोटींहून जास्त लोकांनी दर्शन घेतलं. बायकांना काळा लांब स्कर्ट सक्तीचा, पँट चालत नव्हती. पुरुषांना कॉलरचा शर्ट. पँट घालून आलेल्या बायका तासन्‌तास रांगेत उभ्या राहून नाक्यावर अडत.

काळे कपडे दोन दिवसांत संपले, भाव वाढले. मग रस्त्यावर पातेली चढली. फुकट रंगवून देणारे स्वयंसेवक, उकळतं पाणी, काळा रंग, मीठ. इथे गडबड अशी होते की हा रंग सुताला धरतो, पॉलिस्टरला धरत नाही. निम्मं पॉलिस्टर असलेला टी-शर्ट काळ्याऐवजी राखाडी किंवा जांभळट निघतो, आणि शिलाईचा दोरा पॉलिस्टरचा असेल तर काळ्या शर्टावर मूळ रंगाच्या टाक्यांची ओळ चमकते. त्या वर्षी असे शर्ट घातलेले हजारो लोक दिसत.

अंत्यविधी २६ ऑक्टोबर २०१७ ला, सनाम लुआंगवर. सुमारे ५० मीटर उंच, नऊ शिखरांचा दहनमंडप, मेरू पर्वताच्या कल्पनेवर बांधलेला, नंतर उतरवून टाकला. पेटीची मिरवणूक ज्या रथातून निघाली तो १७९५ चा, जवळपास १४ टनांचा, ओढायला दोनशेवर जवान. लोकांनी वाहायची चंदनफुलं देशभर हाताने करत होते, त्यात डॅफोडिलच्या आकाराची खूप. खरोखर अग्नी दिला त्या क्षणाचं चित्रण दाखवलं नाही, लोक मैदानाभोवती धुराकडे पाहत बसून होते.

तो रथ पाहायचा असेल तर सनाम लुआंगला लागून असलेल्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. सोमवार-मंगळवार बंद.

बाराखडी

२४ ऑक्टोबर २०२५ ला सिरिकित यांचं निधन झालं, वय ९३. तेव्हाही सरकारी नोकरांना वर्षभर दुखवटा आणि जनतेला ९० दिवस काळे किंवा साधे गडद कपडे घालण्याची विनंती. पर्यटकांवर सक्ती नव्हती. अशा काळात गेलात तर एक काळा, एक पांढरा आणि एक राखाडी शर्ट बॅगेत असू द्या, राजवाड्याच्या परिसरात भडक घालू नका, बाकी समुद्रकिनाऱ्यावर कोणी विचारत नाही. छातीवर काळी फीत लावली तरी पुरते.

सहलगडी

आणि नदीवरची शाही होड्यांची मिरवणूक? दरवर्षी असते का?

सुखुम्वितकर

नाही हो, क्वचित. राज्याभिषेकाची १२ डिसेंबर २०१९ ला झाली. मग २७ ऑक्टोबर २०२४ ला, राजाच्या ७२ व्या वर्षानिमित्त: ५२ होड्या, २,२०० नावाडी, वासुक्री धक्क्यापासून वाट अरुण देवळापर्यंत, भिक्खूंना वस्त्रदान करण्यासाठी. पुढची जाहीर झाली तर मुख्य दिवसाऐवजी रंगीत तालमीचा दिवस धरा. होड्या त्याच, पोशाख तेच, वल्ह्यांचं गाणं तेच, राजा तेवढा नसतो. त्यामुळे बंदोबस्त सैल आणि जागा मिळते. मुख्य दिवशी पुलांवर उभं राहू देत नाहीत आणि नदीची नेहमीची बोटसेवा थांबते. मिरवणूक दुपारी निघते, म्हणून पश्चिमेच्या, थोनबुरीच्या तीरावर बसा. ऊन पाठीशी राहतं आणि सोनेरी होड्या उजळून दिसतात. पूर्वेच्या तीरावरून डोळ्यांत ऊन आणि फोटोत नुसत्या काळ्या आकृत्या.

मधुमालती

शेवटचं विचारते. मंगळवारी पुतळ्यापाशी फुलं न्यायची असतील तर तिथेच मिळतात का, आणि ती ब्रँडीची बाटली नंतर कोण घेतं?

मालवणी_पेंडसे

फुलं पाक ख्लोंग तलात या फुलबाजारातून न्या, सनाम चाइ स्थानकाजवळच आहे, तिथे गुलाब जुडीने आणि स्वस्त. चौकाजवळच्या विक्रेत्यांकडे उदबत्तीसकट तयार संच असतो, पण महाग. काटे काढून घ्या. अर्पण मैदानात मांडलेल्या टेबलांवर किंवा सतरंजीवर ठेवायचं, पुतळ्याच्या कठड्यावर चढायचं नाही. राजघराण्याचा कार्यक्रम असेल त्या दिवशी प्लाझाचे रस्ते बंद असतात, तेव्हा निघण्याआधी हॉटेलात विचारा. बाटलीचं म्हणाल तर बरेच जण उदबत्ती विझेपर्यंत थांबतात आणि नैवेद्य म्हणून घरी नेतात. पेल्यात ओतून ठेवलेली मात्र तिथेच राहते.